स्मृतिसंघर्ष आणि प्रक्षेपी भूमिती : करमरकरांच्या एका निबंधाचे परीक्षण

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. आवर्तन सुटण्यापूर्वी मागणी नोंदवावयाची आणि चारीवर ठरलेल्या पाळीने पाणी घ्यावयाचे, ही त्यांची रीत. आठवड्याच्या बाजाराला अशी पाळी लावता येत नाही; तेथे कोण केव्हा येईल हे कोणासच ठाऊक नसते, आणि वाटा रुंद करून गर्दी विखुरणे एवढेच हाती उरते. संगणकाच्या स्मृतीत होणारी टक्कर टाळण्याचेही हेच दोन मार्ग आहेत. कॅशे स्मृतीचे रचनाकार बहुतांशी बाजाराच्या मार्गाने गेले. नरेंद्र करमरकर यांनी १९९१ च्या ‘सुपरकॉम्प्युटिंग’ परिषदेत विरल आव्यूहांच्या गणितासाठी जी यंत्ररचना मांडली, ती पाळीच्या मार्गाची आहे. तिचे गुण निर्विवाद आहेत. तथापि तिने टक्कर नाहीशी केली असे जे सर्रास म्हटले जाते, ते तपासून घेणे अवश्य आहे.

प्रथम पहिल्या मार्गाविषयी थोडे. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली ‘दास-स्मृती’ या नावाने जी कल्पना मांडली, तीच आजची कॅशे. तिच्या सर्वांत साध्या रचनेत मुख्य स्मृतीतील खणाच्या क्रमांकास कॅशेतील घरांच्या संख्येने भागावयाचे. जी बाकी उरेल ते त्या खणाचे घर. घरे ८ असली तर ०, ८, १६ आणि २४ हे चारही खण शून्याच्याच घरी येतात. सात घरे मोकळी असताना हे चौघे एकमेकांस बाहेर काढीत राहतात. घरे ७ केली की बाकी ०, १, २, ३ अशी निघते आणि तंटा मिटतो. अर्थात सातासातांच्या उड्या घेणाऱ्यास हीच रचना बाधते. परंतु व्यवहारात आज्ञावली दोनाच्या घातांच्या उड्या अधिक घेतात, आणि मूळ संख्येचे माहात्म्य एवढ्यापुरतेच आहे. बरोज कंपनीच्या ‘बी. एस. पी.’ यंत्राच्या आराखड्यात १६ गणकघटकांसाठी १७ स्मृतिविभाग योजिले होते ते याच विचाराने. (विभागातील टक्कर आणि कॅशेतील टक्कर एक नव्हे, पहिलीत माहिती थांबून राहते, दुसरीत ती बाहेर फेकली जाते. मात्र पत्त्यावरून जागा कशी ठरवावी हा प्रश्न दोहोंकडे सारखाच.) पुढे जूपी यांनी १९९० मध्ये बाहेर फेकलेल्यांसाठी शेजारी एक छोटासा निवारा सुचविला. सेझनेक यांनी १९९३ मध्ये कॅशेच्या प्रत्येक फळीला निराळे गणित लावले, म्हणजे एका फळीत भिडणारे दोघे दुसरीत सहसा भिडत नाहीत. हे सारे उपाय अज्ञानातून निघालेले आहेत, आणि ते अज्ञान प्रामाणिक आहे.

करमरकरांचा विचार मुळातच वेगळा. त्यांच्या भूमितीतील सर्वांत लहान उदाहरण घेऊ : सात बिंदू, सात रेषा, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू. बिंदू म्हणजे स्मृतिविभाग, रेषा म्हणजे प्रोसेसर. दोहोंस ० ते ६ असे क्रमांक देऊन प्रोसेसर ‘क’ हा क+१, क+२ आणि क+४ या विभागांस जोडावा. बेरीज सातापुढे गेल्यास बाकी घ्यावी. आता कोणतेही दोन विभाग घ्या, त्या दोहोंस जोडलेला प्रोसेसर एक आणि एकच निघतो. विभाग ३ आणि ५ घेतल्यास तो प्रोसेसर १ होय. म्हणजे ज्या क्रियेचे दोन घटक दोन निरनिराळ्या विभागांत आहेत, ती कोणी करावी हे भूमितीच सांगते. शिवाय एका ठोक्यास सर्वांनी क+१ आणि पुढच्यास क+२ विभागाकडे जावे असे ठरविले की कोणत्याही विभागाच्या दारी दोघे येत नाहीत. एकवीस जोड्या अशा तीन फेऱ्यांत संपतात. जोडण्याही ४९ ऐवजी २१ पुरतात. ७३ बिंदूंच्या भूमितीत ५३२९ ऐवजी ६५७. हा भाग समजल्यावर आनंद व्हावा इतका सुंदर आहे.

परंतु ही हमी आकृतीची आहे, माहितीची नव्हे. फेरी पूर्ण भरावयाची तर सातही जोड्यांसाठी एकेक क्रिया तयार हवी. आव्यूहातील संख्या दोनच विभागांत साचल्या, तर एक प्रोसेसर राबेल आणि सहा बसून राहतील. टक्कर झाली नाही खरी; ती रिकाम्या पाळीचे रूप घेऊन आली. दोन्ही घटक एकाच विभागात पडले तर रेषाच निश्चित होत नाही, तेथे वेगळा नियम करावा लागतो. म्हणून अशा रचनेचे मोल टकरींच्या संख्येवरून न करता भरलेल्या पाळ्यांच्या प्रमाणावरून केले पाहिजे.

आधी पाळ्या लावण्याचा खर्च कोठे परवडतो, याचे उत्तर करमरकरांच्याच १९८४ च्या लिनिअर प्रोग्रॅमिंगवरील कार्यात आहे. त्या पद्धतीत प्रत्येक आवृत्तीस समीकरणांतील संख्या बदलतात, पण शून्येतर संख्यांच्या जागा त्याच राहतात. एकदा लावलेली पाळी सर्व आवृत्त्यांस पुरते. जेथे पुढचा पत्ता मागच्या उत्तरावर अवलंबून असतो, तेथे हा आधार सुटतो. या मर्यादेकडे दुर्लक्ष करून प्रस्तुत रचनेची कॅशेशी बरोबरी करणे हा दोहोंवरही अन्याय आहे.

‘एका’ हा पुण्यातील महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला. त्यातील प्रोसेसर मात्र बाजारात मिळणारे, आपापल्या कॅशेसह आलेले होते. बाहेरची वाहतूक कितीही नेटकी आखली तरी प्रोसेसरच्या आत माहितीस घर देण्याचे काम ती कॅशे आपल्याच नियमाने करते, आणि वेळेवर पोहोचलेली संख्या वापरापूर्वीच तेथून निघून जाऊ शकते. ७३ विभागांच्या रचनेत खऱ्याखुऱ्या विरल आव्यूहांनी किती पाळ्या भरतात, हे मोजण्यास मात्र महासंगणक लागत नाही. विभागातील साध्या यंत्रावर पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका सत्रात ते करता येईल.