‘कर्मणी’ म्हणजे ‘पॅसिव्ह’ नव्हे : इंग्रजी अध्यापनातील एका समीकरणाची चिकित्सा

विश्रांतवाडी परिसरातील मराठी माध्यमाच्या शाळेतून पदवीच्या प्रथम वर्षात येणारा विद्यार्थी इंग्रजी व्याकरणाची एक सोपी किल्ली सोबत आणतो : कर्तरी प्रयोग म्हणजे ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’ आणि कर्मणी प्रयोग म्हणजे ‘पॅसिव्ह व्हॉइस’. परिभाषेच्या सोयीसाठी रूढ झालेले हे समीकरण पहिल्याच उदाहरणात कोसळते.

‘सीमा चिंच खाते’ हा कर्तरी प्रयोग, तर ‘सीमाने चिंच खाल्ली’ हा कर्मणी. समीकरण खरे मानल्यास मराठी भाषक वर्तमानकाळात ‘ॲक्टिव्ह’ बोलतो आणि भूतकाळात शिरताच ‘पॅसिव्ह’ होतो, असे म्हणावे लागेल! वस्तुतः दुसऱ्या वाक्याचे स्वाभाविक इंग्रजी रूप ‘सीमा एट द टॅमरिंड’ असेच आहे आणि ते ॲक्टिव्ह आहे. मराठी प्रयोगविचार क्रियापदाचे रूप कोणाच्या लिंग, वचन, पुरुषाप्रमाणे बदलते हे पाहतो. इंग्रजी व्हॉइसचा प्रश्न उद्देश्याच्या जागी कोणाला बसवले, हा आहे. ‘सीमाने घरी येऊन चिंच खाल्ली’ या वाक्यात घरी आली ती सीमा, चिंच नव्हे. ‘ने’ लागल्याने तिचे कर्तेपण उणावत नाही. ‘तू चिंच खाल्लीस’ येथे तर क्रियापद लिंग कर्माकडून घेते आणि ‘स’ हा पुरुषवाचक प्रत्यय कर्त्याकडून. या कर्तृ-कर्मसंकराला इंग्रजी चौकटीत जागाच नाही. भावे प्रयोगाचीही तीच गत.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढी परंपरा पाठीशी असता इंग्रजीच्या वर्गात मराठी व्याकरण केवळ प्रतिशब्दांपुरते उरावे, हे खेदजनक आहे. पॅसिव्हशी खरे साम्य ‘चिंच खाल्ली गेली’ या नवीन कर्मणीचे आणि ‘-ण्यात येणे’ या रचनेचे आहे.

दुसरा दोष रूपांतराच्या यांत्रिक सरावाचा. ‘आय ॲम रायटिंग अ लेटर’चे ‘अ लेटर इज बीइंग रिटन बाय मी’ करून गुण मिळतात. असे वाक्य बोलते मात्र कोणी नाही. पॅसिव्ह केव्हा वापरावे, हा प्रश्न सरावात येतच नाही. त्याचे उत्तर आळंदी रस्त्यावर मिळते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी विश्रांतवाडीतून पुण्याकडे जाते, त्या वेळी ‘वाहतूक वळवण्यात आली आहे’ अशी सूचना निघते. वळवणारे कोण, हे सर्वांना ठाऊक असते. वाचकाला हवी असते ती वाहतुकीची वार्ता. म्हणून कर्ता गळतो. इंग्रजीतही ‘ट्रॅफिक हॅज बीन डायव्हर्टेड’ एवढेच पुरते, ‘बाय’ची शेपटी लागत नाही.

‘चौकशी करण्यात आली’ या वाक्यातही कर्ता गळतो. पण तेथे तो वाचकाला हवा असतो. महाविद्यालयीन अहवालांत आणि शोधनिबंधांत (प्रस्तुत पृष्ठांसारख्याच) ‘निष्कर्ष काढण्यात आले’ असे सर्रास छापले जाते. ते कोणी काढले, हे अनेकदा शेवटपर्यंत कळत नाही. वरील दोन्ही सूचना शेजारी लिहून कोणत्या वाक्यात ‘कोणी?’ विचारावेसे वाटते, एवढे विद्यार्थ्यांना विचारले, तर रूपांतराच्या तक्त्यापूर्वीच तासाला खरा विषय मिळतो.