वुडवर्डकृत ‘हस्तशिक्षणशाळा’ : परीक्षण

अमेरिकेंत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे गणिताचे अध्यापक कॅल्व्हिन वुडवर्ड यांनीं इ. स. १८८७ त ‘हस्तशिक्षणशाळा’ या अर्थाच्या नांवाचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेंतील मुलांस सुतारकाम, लोहारकाम शिकविण्याच्या इतिहासाचें हें एक प्रमुख साधन होय. साधन म्हटलें कीं त्यांत काय लिहिलें आहे याबरोबर काय लिहितां आलें नाहीं, हेंहि पाहणें प्राप्त होतें. त्या दृष्टीनें आम्ही येथें चार शब्द लिहितों.

प्रथम उगमाविषयीं. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनांत मॉस्कोच्या राजकीय तंत्रशाळेचे नमुने मांडले गेले व ते पाहून अमेरिकेंत ही चळवळ उठली, असें सरसहा लिहिण्यांत येतें. हें अर्धेंच खरें. वुडवर्ड यांनीं यंत्रशास्त्राचीं तत्त्वें समजावीत म्हणून विद्यार्थ्यांस लाकडी प्रतिकृति करावयास सांगितल्या, तों कोणासच हत्यार धरतां येईना. तेव्हां त्यांनीं एका कारागिराच्या साह्यानें त्यांस हत्यारांशीं परिचय करून दिला. ही गरज रशियन नमुन्यांतून उत्पन्न झालेली नव्हे. मॉस्कोहून आली ती पद्धति. तेथील चालक व्हिक्टर डेला-व्हॉस यांनीं १८६८ च्या सुमारास उमेदवारीची जुनी रीत सोडून करवतणें, रंधणें, पटाशीनें खाच पाडणें अशा क्रिया वेगळ्या केल्या, त्या सोप्यापासून कठिणापर्यंत लावल्या, आणि एका गुरूनें संपूर्ण वर्गास एकदम शिकवावें अशी सोय केली.

१८७९ त स्थापन होऊन १८८० च्या सप्टेंबरांत उघडलेल्या सेंट लुईच्या शाळेनें हाच क्रम घेतला. अभ्यास तीन वर्षांचा. पहिल्या वर्षीं लाकूड, दुसऱ्यांत भट्टी व ऐरण, तिसऱ्यांत यंत्रशाळा. रोज सुमारें दोन तास हाताचें काम व बाकी वेळ गणित, शास्त्र, भाषा व रेखन. विकण्याजोगा माल करावयाचा नाहीं, असा कटाक्ष. कूस-खाचेचा सांधा उत्तम बसला कीं त्याचें कार्य संपलें. तो कोणत्याहि चौकटींत जावयाचा नव्हता.

ग्रंथांतील आकृति सुबक व मोजमापें चोख आहेत, याविषयीं वाद नाहीं. परंतु आकृतींत सांध्याचा आकार येतो, लाकडाचा रेषा येत नाहीं. रंधा रेषेच्या उलट चालविला म्हणजे लाकूड उचकटतें, हें मुलास पहिल्याच दिवशीं हातानें कळतें. कागदावर तें कसें उतरावें? क्रियेचे घटक पाडून क्रम लावला म्हणजे विद्या हातीं आली, असा जो विश्वास या पद्धतीच्या मुळाशीं आहे, तो आम्हांस मान्य नाहीं. वुडवर्ड यांसहि तो पुरता पटला नसावा. कारण अभ्यासाच्या शेवटीं विद्यार्थ्यानें एखादी संपूर्ण वस्तु स्वतः योजून करावी, असें त्यांनीं ठेवलें.

याच्या उलट स्वीडनांत नेस येथें ओट्टो सालोमन यांनीं ‘स्लॉइड’ चालविलें. फिन्लंडांत उनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नानें १८६६ तच ग्रामीण शाळांतील मुलांस हस्तकाम आवश्यक झालें होतें. १८७७ त सालोमन यांनीं त्यांची भेट घेतली, व पुढें नेसच्या शाळेचें धंदेशिक्षणाचें स्वरूप पालटलें. तेथें मुलगा चाकूनें साधी काडी तासून आरंभ करी व कुऱ्हाडीच्या दांड्यासारख्या घरीं लागणाऱ्या वस्तूंपर्यंत जाई. सांधा शिकावयाचा तो वस्तूसाठीं. ही रीत आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

तथापि सालोमन यांचा एक आग्रह खटकतो. हें काम सुतारानें शिकवूं नये, शिक्षकानेंच शिकवावें, असें त्यांचें मत. कारागिरास मुलांचें मन ओळखतां येत नाहीं, हा आक्षेप कांहीं ठिकाणीं खरा असेल. पण ज्याच्या हातांतून विद्या आली त्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवलें, तर वर्गांत उरेल ती तिची टिपणी.

आपल्याकडील दप्तरांतहि हाच प्रकार आढळतो. सुतारानें कुणब्याचीं आउतें भरावीं व सुगींत बलुतें न्यावें, याचे महजर आणि वतनाचे तंटे विपुल सांपडतात. बापानें मुलाच्या हातीं वाकस केव्हां दिला, प्रथम कोणतें लाकूड तासावयास सांगितलें, याविषयीं एकहि कागद आमच्या पाहण्यांत आला नाहीं. लेखणी हक्कापाशीं थांबली.

सबब संग्राहकांस विनंति कीं, उद्योगशाळांच्या छापील अभ्यासक्रमांवरच संतुष्ट राहूं नये. विद्यार्थ्यांच्या रेखनाच्या वह्या, झिजलेल्या मुठींचीं हत्यारें, फसलेले सांधेसुद्धां अडगळींतून हातीं लागले तर जपावे. फसलेल्या सांध्यावर पटाशी कोठें घसरली तें दिसतें; वुडवर्ड यांच्या निर्दोष आकृतींत तें दिसत नाहीं.