मजकुरातून वेचलेले संबंध आणि त्यांचा आधार

व्यक्ती, स्थळे, संस्था, औषधे यांना बिंदू मानून त्यांच्यातील संबंध रेषांनी जोडणारी संगणकीय मांडणी म्हणजे नॉलेज ग्राफ अर्थात ज्ञानालेख. असे आलेख कितीही वाढवले तरी अपुरेच राहतात; गूगलच्या संशोधकांनी 2014 मध्ये नोंदवल्याप्रमाणे फ्रीबेस या तेव्हाच्या प्रचंड आलेखातील 71 टक्के व्यक्तींचे जन्मस्थान त्यात नव्हते. ही उणीव लिखित मजकुरातून भरून काढण्याचे तंत्र गेल्या तीन दशकांत बरेच पुढे गेले असले, तरी त्याचा भर संबंधांची संख्या वाढवण्यावर राहिला असून प्रत्येक संबंध कशाच्या आधारे नोंदवला हे जपण्यात ते मागे पडले आहे.

मार्टी हर्स्ट यांनी 1992 मध्ये ठरावीक वाक्यरचनांवरून ‘अमुक हा तमुकाचा प्रकार’ असे संबंध वेचून दाखवले होते. परंतु मोठे वळण मिळाले ते 2009 मध्ये, स्टॅनफर्डच्या माइक मिंट्झ आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘दूरस्थ पर्यवेक्षणा’मुळे. आलेखात आधीच जोडलेली दोन नावे ज्या वाक्यात एकत्र येतात, ते वाक्य त्या संबंधाचा नमुना समजून यंत्राला शिकवायचे, अशी ही युक्ती असल्यामुळे हजारो वाक्यांवर हाताने खुणा करण्याचे कष्ट वाचले. तिचा दोषही तिच्या पोटातच आहे. डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान महू अशी नोंद असेल, तर महूतील त्यांच्या स्मारकाविषयीचे वाक्यही जन्माचा पुरावा ठरते. सेबास्टियन रीडेल आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ‘अशा वाक्यांपैकी निदान एक तरी तो संबंध सांगत असेल’ एवढेच गृहीत धरून हा दोष सौम्य केला. तो पुरता गेला मात्र नाही. मराठीत तर ‘पुणे’ हे नाव ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ अशा रूपांत येत असल्याने निव्वळ अक्षरे जुळवणारी पद्धत पहिल्याच पायरीवर अडखळते.

मूल्यमापनाची रीत त्याहून विचित्र आहे. आलेखातील काही संबंध बाजूला काढून ठेवायचे आणि यंत्राला ते सापडतात का हे पाहायचे, ही प्रचलित चाचणी. तिच्यात यंत्राने खरोखरच नवा आणि खरा संबंध शोधला, तर तो आलेखात नसल्यामुळे चूक म्हणून मोजला जातो. ज्यासाठी सारा खटाटोप, त्यालाच दंड! अलीकडची विशाल भाषाप्रारूपे अनेक वाक्यांत विखुरलेला संबंध जुळवतात खरी. परंतु त्यांनी दिलेले उत्तर समोरच्या मजकुरातून आले की प्रशिक्षणाच्या वेळी साठलेल्या स्मृतीतून, हे सहज सांगता येत नाही.

‘नवा’ या विशेषणाचे दोन अर्थ येथे वेगळे ठेवणे आवश्यक आहे. आलेखाला नवा असलेला संबंध मजकुरात कोणीतरी आधीच लिहिलेला असतो. शिकागो विद्यापीठाच्या डॉन स्वॉन्सन यांनी 1986 मध्ये जो मांडला, तो कोणीच लिहिलेला नव्हता: माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो असे एका गटाचे शोधनिबंध सांगत होते, रेनो विकारात (ज्यात बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो) तो दाटपणा वाढलेला असतो असे दुसऱ्या गटाचे, आणि हे दोन गट एकमेकांचा उल्लेखही करीत नव्हते. स्वॉन्सन यांनी ते जोडून उपचाराची शक्यता सुचवली आणि 1989 मध्ये रुग्णांवरील नियंत्रित चाचणीने तिला पाठबळ दिले.

स्वॉन्सन यांच्या मांडणीत कोणता दुवा कोठून आला हे वाचकाला तपासता येत होते. मूळ वाक्य, त्याचा काळ आणि ते विधान आहे की अनुमान, याची नोंद न ठेवता भरलेला आलेख आकाराने मोठा झाला, तरी त्याला समृद्ध म्हणता येणार नाही.