कार्डाची मागची बाजू

क्रिकेटपटूंची चित्रे जमविण्याचा छंद हा वाङ्मयीन टीकेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका या मासिकाच्या काही वाचकांस येईल. आमचे उत्तर असे, की तो तसा होऊ शकतो. किंबहुना तो यापूर्वीच व्हावयास हवा होता. तळहातावर मावणाऱ्या एका कार्डावर पुढे खेळाडूचे चित्र छापावयाचे आणि मागे त्याचे आकडे द्यावयाचे, हा वस्तुतः चरित्रलेखनाचाच एक अतिसंक्षिप्त प्रकार आहे. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार केल्यास आपल्या भाषेतील क्रीडाविषयक चरित्रांच्या उणिवेचे मूळही हाती लागते.

हा प्रकार आपला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि इंग्लंडात सिगारेटचे पाकीट दबू नये म्हणून आत एक जाड कागदाची पट्टी घालीत. त्या कोऱ्या पट्टीवर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, हे व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. इंग्लंडातील विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला. अमेरिकेत बेसबॉल या त्यांच्या चेंडूफळीच्या खेळाडूंची कार्डे प्रथम तंबाखूबरोबर आणि पुढे च्युइंगगमबरोबर घरोघर पोहोचली. होनस वॅग्नर या खेळाडूचे १९०९ च्या सुमारास निघालेले एक कार्ड त्याने स्वतःच थांबविले. तंबाखूच्या विक्रीसाठी आपले चित्र मुलांच्या हाती जाऊ नये म्हणून, असे कोणी म्हणतात; मोबदल्यावरून बिनसले, असे दुसरे म्हणतात. त्यामुळे त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या, आणि त्यांतील एक २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरना विकली गेली. आपल्याकडे ही लाट उशिरा आली. १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास ‘बिग फन’ बबलगमबरोबर मिळणारी कार्डे मुले जमवू लागली. त्यामागून ट्रम्प कार्डांचा खेळ आला. त्या खेळात ज्याचा आकडा मोठा त्याचा पत्ता सर. आमच्या वयाच्या पुष्कळांनी क्रिकेटचा इतिहास प्रथम वाचला तो याच पत्त्यांवर, आणि पुष्कळांचे वाचन तेथेच थांबले.

कार्डाच्या मागील मजकुराची जात आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. सरकारी नोकराची सेवापुस्तिका ज्याने हाताळली आहे, त्याला ती पुरेपूर ठाऊक आहे. जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, बढत्या, बदल्या, अर्जित रजा, निवृत्ती. त्यातील एकही नोंद खोटी नसते, आणि तरीही त्या साऱ्या नोंदी एकत्र केल्या तरी माणूस उभा राहत नाही. कार्डाचा दोष असत्याचा नाही. पूर्ण हिशेब दिल्याचा जो आव ते आणते, तो त्याचा दोष होय.

उदाहरणादाखल विजय हजारे यांना घेऊ. संग्राहकाला बहुधा एकच खेळाडू मनापासून प्रिय असतो. आमच्यापुरते ते नाव हजाऱ्यांचे आहे. १९१५ साली सांगलीस जन्मलेल्या आणि २००४ साली बडोद्यास वारलेल्या या फलंदाजाच्या कार्डामागे पुढील आकडे येतात: कसोटी सामने ३०, धावा २१९२, सरासरी ४७.६५, शतके ७. दिल्लीकर वाचकाला त्यांतील एक शतक जवळचे वाटेल. नोव्हेंबर १९५१ मध्ये फिरोजशहा कोटल्यावर इंग्लंडविरुद्ध त्यांनी नाबाद १६४ धावा केल्या, आणि त्याच डावात विजय मर्चंट यांनी आपल्या अखेरच्या कसोटीत १५४ केल्या. २०१९ पासून त्या स्टेडियमचे नाव अरुण जेटली स्टेडियम असे आहे. चित्र जमविणाऱ्याने त्यापुढे जाण्याची तसदी घेतली नाही, तर हजारे हे एक बऱ्यापैकी सरासरीचे जुने फलंदाज ठरतात, आणि ट्रम्प कार्डाच्या खेळात आजचा कोणताही मध्यम फलंदाज त्यांचा पत्ता सर करील.

परंतु या आकड्यांची मोड केली, की निराळेच चित्र दिसू लागते. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेड येथे ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्यानंतर हजाऱ्यांनी ११६ आणि १४५ अशी दोन डावांत दोन शतके काढली. कसोटीत असे करणारे ते पहिले भारतीय. भारत तरीही एक डाव आणि १६ धावांनी हरला. दुसऱ्या डावात संघाच्या एकूण २७७ पैकी १४५ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. १९५२ साली लीड्स येथे दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार बळी अशी दशा झाली असताना त्यांनी ५६ धावा जोडल्या. तोही सामना हातचा गेला. याउलट त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रास येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तो प्रामुख्याने विनू मंकड यांच्या बारा बळींमुळे आणि पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांच्या शतकांमुळे. म्हणजे या फलंदाजाचे मोठेपण पराभवात आहे. कार्डाला धावा मोजता येतात. त्या कोणत्या प्रसंगी झाल्या, हे मोजण्याचा रकाना त्यावर नसतो. आपल्याकडील बहुतेक क्रीडाचरित्रांतही तो नसतो. बालपण, गुरुकृपा, पहिले शतक, विक्रम, सत्कार आणि कृतज्ञता या ठरलेल्या पायऱ्यांनी चरित्रकार वर चढतो, आणि दोनशे पानांच्या अखेरीस आपल्या हाती येते ते एक लांबविलेले कार्ड.

येथपर्यंतची उणीव कौशल्याची म्हणता येईल. हजाऱ्यांच्या आणखी एका डावाकडे पाहिले, की ती उणीव अधिक गंभीर स्वरूपाची असल्याचे आढळते. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने पाच बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत मर्चंटांच्या नाबाद २५० होत्या. प्रतिपक्षाचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात ३८७ झाल्या आणि त्यांतील ३०९ हजाऱ्यांच्या होत्या. आपले बंधू विवेक यांच्यासह त्यांनी ३०० धावांची भागी केली, आणि तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. हा विलक्षण डाव ते ज्या संघाकडून खेळले, त्या संघाचे नाव काय होते? ‘इतर’. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांपैकी कोणातच न बसणाऱ्यांसाठी १९३७ साली हा पाचवा संघ स्पर्धेत घेण्यात आला होता. हजारे ख्रिस्ती होते. सांगलीत जन्मलेला हा मराठी मनुष्य मुंबईच्या मैदानावर ‘इतर’ म्हणून उतरला आणि तीनशे धावा करूनही एक डाव व ६१ धावांनी हरला. हा एक शब्द वाचल्यावर खेळाडूचे चित्र बाजूस पडते आणि समाजाचा इतिहास समोर येतो. माणसांची अशी विभागणी कोणी केली, ती कोणाला सोयीची होती, आणि ज्या संघांना प्रतिष्ठेची नावे होती, त्यांच्या पोटात काय चालले होते, हे प्रश्न मग टाळता येत नाहीत.

यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बाळू पालवणकर या नावापाशी सापडते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीचे काम करीत. त्या क्लबातील साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते देशातील अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात दिला. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, तेव्हा बाळू त्या संघात होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली बाळूंना वगळण्यात आले आणि नेतृत्वाच्या बाबतीतही पालवणकर बंधूंना डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे धाकटे भाऊ निषेध म्हणून संघातून बाहेर पडले. अखेर १९२३ मध्ये कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे आले. ‘हिंदू’ या नावाच्या संघातही कोणी ‘इतर’ होतेच. त्यांच्यासाठी निराळा शब्द छापलेला नव्हता, एवढेच.

या हकिकतीत मूर्तिपूजकाला अडचणीचे वाटणारे एक पानही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्याला केवळ पूज्य चित्र हवे आहे, तो हे पान वगळील. ज्याला इतिहास हवा आहे, त्याला ते वगळून चालणार नाही. दोन्ही माणसांविषयी आदर बाळगून त्यांच्यातील विरोध सांगता येणे, ही चरित्रकाराची खरी कसोटी होय.

आता वाङ्मयाच्या दृष्टीने आम्हांस सर्वांत बोचणारी गोष्ट. विठ्ठल पालवणकर यांनी ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध केले. ते मराठीत आहे. तथापि मराठी आत्मचरित्रांच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते. त्याचा साक्षेपाने उपयोग केला तो रामचंद्र गुहा या इतिहासकाराने, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ या इंग्रजी ग्रंथात. आकड्यांच्या रानात न शिरता धर्म, जात आणि साम्राज्य यांच्या कचाट्यात हा खेळ कसा वाढला, ते गुहा सांगतात, आणि पालवणकर बंधूंना त्या कथेत त्यांचे न्याय्य स्थान देतात. या ग्रंथाविषयी आमचा एक आक्षेप आहे. समाजाचा पट उलगडताना त्यात खेळाची कारागिरी अधूनमधून मागे पडते. बोटांतून चेंडू कसा सुटत असेल, याचे कुतूहल पुरते शमत नाही. परंतु ज्यांच्या घरातले पुस्तक दुसऱ्याने वाचून दाखविले, त्यांनी असा आक्षेप काहीशा संकोचानेच घ्यावा, हे बरे.

आकड्यांवर आम्ही राग धरला आहे, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेचेच उदाहरण पाहावे. तेथे कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत प्रमुख संघांची दारे बंद होती. त्यांचे निराळे संघ आणि निराळ्या स्पर्धा होत्या. जॉश गिब्सन हा त्यांतील विलक्षण फलंदाज रॉबिन्सनच्या पदार्पणापूर्वी तीनच महिने वारला. २०२४ साली त्या निराळ्या स्पर्धांचे आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट करण्यात आले, आणि गिब्सनची .३७२ ही सरासरी कारकिर्दीतील सर्वोच्च ठरून टाय कॉबची .३६७ दुसऱ्या स्थानी गेली. जुनी वर्तमानपत्रे आणि धावफलक धुंडाळणाऱ्या छांदिष्टांचे श्रम या निर्णयामागे होते. न्याय मिळण्यास सत्त्याहत्तर वर्षे लागली. पण कोणीतरी कागद जपून ठेवले होते, म्हणून तो मिळू तरी शकला. आकडा हा इतिहासाचा शत्रू नाही. इतिहास तेथेच संपला असे मानणे, हे त्याचे शत्रू.

यावर कोणी म्हणेल, की खेळ हा विरंगुळा आहे. कचेरीतून थकून आलेल्या माणसाने आवडत्या खेळाडूचे चित्र पाहून चार घटका आनंदात घालवाव्यात, त्यात जातिभेदाचे आणि निवडणुकांचे ओझे कशाला? हा आक्षेप आम्हांस समजतो, पण मान्य होत नाही. आमच्या अनुभवास तर उलटेच येते. पराभवाच्या छायेतील त्या ३०९ धावा ‘इतर’ या शब्दासह वाचल्या, की हजारे आम्हांस अधिक प्रिय वाटतात. संग्राहकाची एकनिष्ठा हा या वाटेवरचा आरंभ आहे, आणि तो चांगलाच आरंभ आहे. ज्याचे कोणावरच प्रेम नाही, तो जुने कागद चाळण्याचे कष्ट घेत नाही. मात्र प्रेम खरे असेल, तर ते एका चित्रापाशी थांबून राहत नाही. त्या चित्रातल्या माणसाच्या शेजारी कोण उभे होते आणि कोणाला उभे राहू दिले नाही, हेही ते विचारू लागते.

टपाल खात्याने १९९६ साली भारतीय क्रिकेटपटूंची चार तिकिटे काढली. कर्नल सी. के. नायडू, प्रा. दि. ब. देवधर, विनू मंकड आणि विजय मर्चंट हे त्यांवर झळकले. त्या संचात हजारे नाहीत, बाळूही नाहीत. चारांत सारे मावत नाहीत, हे खरेच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. चित्राची उणीव लेखणीने भरून काढता येते. ‘माझे क्रीडाजीवन’ची टीपांसह, तत्कालीन सामन्यांच्या धावफलकांसह आणि एका समंजस प्रस्तावनेसह नवी आवृत्ती निघावी, अशी आमची मागणी आहे. ते काम इंग्रजीत लिहिणाऱ्या इतिहासकाराचे नव्हे. ते मराठी प्रकाशकांचे, मराठी अभ्यासकांचे आणि दर्यागंजच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात, महिला हाटात, मराठी अक्षर दिसले की थबकणाऱ्या तुम्हा-आम्हा वाचकांचे आहे.