उंची जागा : मुंबईकर धनिकवर्गाच्या गिरिस्थान-ओढीची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत ‘उंची’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. नाम म्हणून तो डोंगराचे परिमाण सांगतो, तर ‘उंची वस्त्रे’, ‘उंची अत्तर’ अशा प्रयोगांत विशेषण म्हणून किंमत सुचवितो. हे दोन्ही अर्थ एकाच जागी नांदतात अशी ठिकाणे म्हणजे मुंबईच्या धनिकवर्गाची गिरिस्थाने होत. माथेरान, महाबळेश्वर व खंडाळा-लोणावळा ही त्यांपैकी जुनी, तर अ‍ॅम्बी व्हॅली व लवासा ही अलीकडची. या ठिकाणांची ओढ श्रीमंतांना का वाटते, या प्रश्नाला ‘थंड हवा’ हे उत्तर इतक्या सहजपणे दिले जाते की, त्याची तपासणी करण्याची गरज कोणास भासत नाही. प्रस्तुत लेखात ती तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. गिरिस्थानाचे मूल्य उंचीत किंवा हवेत नसून, तेथे कोणी पोहोचावे यावरील नियंत्रणात आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

थंड हवेचे उत्तर कितपत पुरते?

समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेल्यास तापमान साधारणतः साडेसहा अंशांनी उतरते. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर असल्याने तेथील गारव्याचा दावा मान्य करता येतो. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर आहे. लोणावळा मात्र जेमतेम ६२० मीटरवर आहे, आणि पुणे शहर ५६० मीटरवर. केवळ उंचीने हवा थंड व हवेने जागा मोलाची होत असती, तर पुण्यातील प्रत्येक पेठ गिरिस्थान ठरली असती. शिवाय ज्या वर्गाच्या घरात, कचेरीत आणि मोटारीत वातानुकूलन यंत्र आहे, त्याला चार अंशांच्या गारव्यासाठी घाट चढण्याचे कारण उरत नाही. तरीही खंडाळ्याच्या बंगल्याची प्रतिष्ठा कमी झालेली नाही. अर्थात, आकर्षणाचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

दोन महाबळेश्वरे

मराठी परंपरेत डोंगर चढण्याची कारणे ठरलेली होती. देवासाठी, गडासाठी किंवा एकांतातील साधनेसाठी माणूस वर जाई. धनगर, कातकरी, ठाकर व महादेव कोळी तर डोंगरातच राहत. पंचगंगेचे देऊळ असलेले क्षेत्र महाबळेश्वर हे या परंपरेतील स्थान होय. तेथे जाणारा यात्रेकरू इतर यात्रेकरूंमध्ये मिसळण्यासाठी जात असे. गर्दी हा यात्रेचा दोष नसून तिचे प्रयोजन होते.

सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांशी करार करून काही किलोमीटर अंतरावर माल्कम पेठ वसविली आणि डोंगर चढण्याचे एक निराळे कारण निर्माण झाले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आले. खालच्या गर्दीपासून दूर, आपल्यासारख्यांच्या सहवासात राहणे हे या नव्या वस्त्यांचे प्रयोजन होते. डेन केनेडी या इतिहासकाराने १९९६ मधील आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातील गिरिस्थानांच्या या अलगतेची चर्चा केली असून, तीतील विसंगतीही दाखविली आहे. ती विसंगती अशी की, साहेबाला वर राहावयाचे तर हमाल, भिस्ती, खानसामा यांना वर न्यावेच लागे. परिणामी एकांताच्या नगरात सेवकांचीच संख्या अधिक होई.

वाट रुंद झाली की

साहेबाची जागा पुढे मुंबईच्या शेटियांनी घेतली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून व परिश्रमातून १९०७ मध्ये नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली आणि हळूहळू मध्यमवर्गही तिकीट काढून डोंगरावर पोहोचला. अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये ‘स्थानमूलक वस्तू’ ही संकल्पना मांडली. ज्या वस्तूचा उपभोग अनेकांना मिळू लागताच तिचे मोल घटते, ती स्थानमूलक वस्तू होय. गिरिस्थान हे तिचे नमुनेदार उदाहरण म्हणता येईल. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि लोणावळा उपनगरांच्या आवाक्यात आले. आज पावसाळी रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर आपल्याच महाविद्यालयांतील विद्यार्थी दिसतात. ज्यांना हे दृश्य नको होते, त्यांनी डोंगर सोडला नाही. कुंपण मात्र घातले. वाट सर्वांना खुली झाली, तेव्हा फाटक खासगी झाले. अ‍ॅम्बी व्हॅलीत तर नगरच फाटकाआड गेले.

राज्य शासनाने १९९६ मध्ये खासगी गिरिस्थानांच्या विकासासाठी नियमावली आणली. मोसे खोऱ्यातील लवासा हे तिचे सर्वांत गाजलेले फळ होय. इटलीतील पोर्टोफिनोच्या धर्तीवर सह्याद्रीत नगर उभारण्याचा हा प्रकल्प नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने रोखला आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. या अपयशाची कारणे आर्थिक व कायदेशीर आहेतच. तथापि, ज्या नगराची कल्पनाच निवडक ग्राहकांवर आधारलेली आहे, त्याला नागरिक कोठून मिळणार, हा प्रश्नही त्यात दडलेला आहे.

उपनगरातील डोंगर

हे विवेचन आपल्या दारापाशी आणून पाहिले असता अधिक स्पष्ट होते. मुंबईच्या उपनगरांत टेकड्यांची वाण नाही. घाटकोपर, असल्फा, विक्रोळी व भांडुप येथील उतारांवर दाट वस्ती आहे. पण ती श्रमिकांची आहे. येथे जितके वर जावे तितके घर स्वस्त होते, कारण वर पाणी चढत नाही, रस्ता पोहोचत नाही आणि पावसाळ्यात दरडीचे भय असते. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून अनेक कुटुंबे गाडली गेली. असल्फ्याची घरे पुढे रंगविली गेली आणि मेट्रोतून जाणाऱ्यांना ती सुंदर दिसू लागली. तथापि, रंगामुळे पायऱ्या कमी झाल्या नाहीत.

बोरिवली-मुलुंडच्या बाजूस याच डोंगराचे दुसरे रूप दिसते. राष्ट्रीय उद्यानातील झोपड्या हटविण्याचे आदेश उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिले. वनसंरक्षणाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व नाकारता येणार नाही. मात्र त्याच वनराईकडे तोंड केलेल्या मनोऱ्यांतील सदनिकांना ‘डोंगराच्या दृश्या’पोटी अधिक किंमत येते. डोंगरात राहणारा अतिक्रमक आणि डोंगर पाहणारा निसर्गप्रेमी, असा हा विभाग आहे. उंची तीच, फरक आहे तो पाणी, रस्ता आणि फाटक कोणाच्या हाती आहे याचा.

एप्रिल २०२० मधील टाळेबंदीत हा फरक उघडा पडला. एका उद्योगपती कुटुंबातील मंडळी नोकरांसह, गृहखात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्राच्या आधारे खंडाळ्याहून महाबळेश्वरला मोटारींनी गेली. त्याच काळात मुंबईतील मजूर कसारा घाट पायी चढत होते. घाट दोघांनीही ओलांडले. परंतु एकासाठी तो विसाव्याचा रस्ता होता, तर दुसऱ्यासाठी परागंदा होण्याचा.

वर राहणारी माणसे

माथेरानात मोटारींना बंदी आहे आणि २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. ही बंदी योग्यच म्हणावी लागेल. मात्र दस्तुरी नाक्यावर थांबलेल्या मोटारीचे काम पुढे घोड्याने आणि माणसाने केले. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. ज्या शांततेसाठी पाहुणा येतो, तिचा भार कोणाच्या खांद्यावर होता, हे यावरून ध्यानी येते. भाई कोतवालांचा जन्म १९१२ मध्ये याच माथेरानात, एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. पाहुण्यांचे माथेरान आणि कोतवालांचे माथेरान यांची भेट पर्यटनाच्या माहितीपत्रकात क्वचितच होते.

निष्कर्ष

श्रीमंतांचे निसर्गप्रेम सर्वस्वी खोटे आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. धुके पाहून आनंद होण्यास उत्पन्नाची अट नसते. मात्र धुके एकट्याने पाहण्याची किंमत असते, आणि ती किंमतच हळूहळू आनंदाचे रूप घेते. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये वर्णिलेल्या दिखाऊ उपभोगाहून हा प्रकार थोडा वेगळा आहे. येथे संपत्ती दाखविण्यापेक्षा इतरांच्या दृष्टीआड होणे अधिक प्रतिष्ठेचे ठरते.

हा दोष केवळ धनिकांचा मानून आपणास सुटता येणार नाही. आपल्या प्राध्यापक-कक्षातील गप्पांतही नेरळ-कर्जतकडचा भूखंड, त्याला घालावयाचे कुंपण आणि राखणीस ठेवावयाचा ‘तिथलाच’ माणूस हे विषय असतात. तो ‘तिथलाच’ माणूस त्या जमिनीवर आपल्या आधीपासून राहत आला आहे, एवढे भान जरी कुंपण घालताना राहिले, तरी डोंगर सर्वांचा असण्याची शक्यता शिल्लक राहील. क्षेत्र महाबळेश्वराच्या देवळाला दार आहे. पण ते उघडण्यासाठी आहे. गिरिस्थानाचे फाटक मात्र बंद राहण्यासाठीच बसविलेले असते. या दोहोंपैकी कोणता डोंगर आपण आपल्या विद्यार्थ्यांना वारसा म्हणून देणार आहोत, हा प्रश्न यापुढे पर्यटनशास्त्राइतकाच शिक्षणाचाही मानला पाहिजे.