पहिली जोडी : हुस्नलाल-भगतराम

हिंदी चित्रपटसंगीतात जोडनावे आता इतकी रुळली आहेत की, शंकर-जयकिशन, कल्याणजी-आनंदजी किंवा लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही नावे उच्चारताना दोन स्वतंत्र माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतच नाहीत. या प्रथेचा पाया ज्यांनी घातला, त्या हुस्नलाल-भगतराम या पहिल्या जोडीची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. हा विसर काळाचा न्याय आहे की अन्याय, याचा विचार त्यांच्या गाण्यांच्या आधारेच करायला हवा.

हे दोघे पंजाबातील सख्खे भाऊ. थोरले बंधू पंडित अमरनाथ हेही संगीतकार. म्हणजे संगीत घरातलेच. हुस्नलाल व्हायोलिन वाजवीत आणि भगतराम यांचा हात पेटीवर बसलेला. जोडी म्हणून त्यांचा पहिला चित्रपट पुण्याच्या ‘प्रभात’चा ‘चाँद’ (१९४४). तेव्हा महाराष्ट्राच्या भूमीवरच या पंजाबी सुरावटीचे बी रुजले, असे म्हणायला हरकत नाही.

त्यांच्या उत्कर्षाचा काळ लहान, पण लखलखीत आहे. ‘प्यार की जीत’ (१९४८) आणि ‘बडी बहन’ (१९४९) या दोन चित्रपटांनी त्यांना घराघरांत पोहोचवले. ‘प्यार की जीत’मध्ये हृदयाच्या ठिकऱ्या उडाल्याची व्यथा सांगणारे महंमद रफींचे एक गीत आहे. ते ऐकताना या जोडीचे मर्म कळते. चाल सरळ, कुणालाही गुणगुणता येईल अशी. वाद्ये मोजकी, आणि तीही गायकाच्या मागे अदबीने उभी. दुःखाचा गाजावाजा नाही. दोन ओळींमधल्या विसाव्यात श्रोत्याला स्वतःचे दुःख आठवावे एवढी जागा संगीतकार मोकळी ठेवतो. हे संयमाचे काम आहे, आणि संयम ही कलेत सर्वांत उशिरा साधणारी गोष्ट आहे.

हाच संयम १९४८ मध्येच आणखी मोठ्या कसोटीला उतरला. गांधीजींच्या हत्येनंतर राजेंद्र कृष्ण यांनी बापूंची जीवनकथा सांगणारे दीर्घ गीत लिहिले. चाल या जोडीची आणि स्वर रफींचा. शोकाकुल राष्ट्रासमोर गाताना कोणत्याही संगीतकाराला आक्रोशाचा मोह झाला असता. या दोघांनी कथेकऱ्याची साधी, पुढे सरकणारी लय निवडली. शब्द कानी पडावेत म्हणून सुरांनी नम्रता पत्करली. मृत्यूच्या घरी मोठ्याने बोलू नये, हे त्यांना कळले होते.

‘बडी बहन’चे महत्त्व निराळे आहे. त्यात सुरैया आहेत, म्हणजे स्वतःची गाणी स्वतः गाणारी नायिका. आणि त्याच चित्रपटात पडद्यामागून गाणाऱ्या तरुण लता मंगेशकरही आहेत. मावळतीचे आणि उगवतीचे युग एकाच चित्रपटात शेजारी बसले आहे. सुरैयांचा भरीव, बोलका आवाज या जोडीला पूर्ण ओळखीचा होता. त्यासाठी त्यांनी रचलेल्या चाली आवाजाच्या मापाने शिवलेल्या आहेत. परंतु लता आणि प्रेमलता यांच्या खेळकर द्वंद्वगीतातही ते तितकेच मोकळे वाटतात. जुन्याला न सोडता त्यांनी नव्याला दार उघडले, हे त्यांचे मोठेपण.

आता मर्यादांकडे वळू. पंजाबी लोकगीताचा गंध आणि ढोलकीचा ठेका हे त्यांचे बळ होते. पुढे तेच कुंपण झाले. एकामागून एक चित्रपट घेताना ठरावीक वळणे पुन्हा पुन्हा येऊ लागली. ‘अफसाना’ (१९५१) मध्ये लतांच्या एका नाचऱ्या गीतात त्यांनी कुंपणाबाहेर पाऊल टाकले खरे, पण त्या वाटेवर ते फार चालले नाहीत.

आणि इथे एक योगायोग विचार करायला लावतो. त्यांच्याकडे उमेदवारी केलेल्या शंकर यांनी जयकिशन यांच्यासह ‘बरसात’ दिला तो १९४९ मध्येच, ‘बडी बहन’च्याच वर्षी. गुरूंच्या यशाच्या शिखरावरच शिष्याचा उदय झाला. त्यानंतर चित्रपटगीत म्हणजे केवळ चाल राहिली नाही. तो भव्य वाद्यवृंदाचा आविष्कार बनला. या बदलात आपल्या गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा वाटा फार मोठा आहे. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या या मंडळींनी तोंडी सांगितलेली चाल कागदावर उतरवली आणि तिच्याभोवती अनेक व्हायोलिनांचे दालन उभे केले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी आणि अँथनी गोन्साल्विस यांनी अनेक संगीतकारांसाठी केलेले हे काम अभिमानास्पद आहे. पण त्या अभिमानापोटी एक गोष्ट विसरू नये : दालन कितीही भव्य असले तरी त्यात राहायला चाल लागते. हुस्नलाल-भगतराम यांचे एकटे व्हायोलिन पन्नास व्हायोलिनांपुढे ऐकू येईनासे झाले, याचा अर्थ ते बेसूर होते असा नव्हे.

पुढची कहाणी खिन्न करणारी आहे. कामे आटली. ‘शेर अफगान’ (१९६६) हा अखेरचा टप्पा. हुस्नलाल १९६८ मध्ये दिल्लीत निवर्तले. भगतराम यांना उतारवयात इतरांच्या वाद्यवृंदात पेटी वाजवावी लागली; १९७३ मध्ये तेही गेले. ज्याने एके काळी चाल सांगितली, त्याने दुसऱ्याच्या चालीला साथ द्यावी, यात दैवदुर्विलास आहे खरा. पण एक शालीनताही आहे. वाद्य त्यांनी सोडले नाही.

म्हणून मला वाटते, काळाने त्यांना मागे टाकले हे समजण्यासारखे आहे; आपण त्यांना विसरलो हे मात्र क्षम्य नाही. ते थोर प्रयोगशील संगीतकार नव्हते. साधी गोष्ट खरेपणाने सांगणारे संगीतकार होते. त्यांची जुनी गाणी कुठे कानी पडलीच, तर त्यातील व्हायोलिन लक्ष देऊन ऐकावे. गायकाचा शब्द संपेपर्यंत ते थांबलेले असते.