दहा दाणे

बरोबर उत्तर दिलं की दहा दाणे. 'फ्री राइस' या ऑनलाइन खेळाचा मूळ नियम एवढाच. पडद्यावर एक इंग्रजी शब्द येतो, त्याखाली चार अर्थ. बरोबर अर्थावर बोट टेकवलं की वाडग्यात तांदळाचे दहा दाणे पडतात आणि तेवढ्या तांदळाचे पैसे जाहिरातदार किंवा प्रायोजक भरतात. जॉन ब्रीन या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००७ साली हा खेळ सुरू केला आणि २००९ साली तो संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला देऊन टाकला. आज त्याचं अ‍ॅप आहे, शब्दांशिवाय इतरही विषय आहेत. मूल मोबाइल सोडत नाहीच, तर निदान काहीतरी चांगलं खेळू दे, असं म्हणणाऱ्यांसाठी तो अगदी सोयीचा आहे.

माझ्या बारा वर्षांच्या भाचीला हा खेळ आवडतो. मलाही आवडतो, म्हणूनच त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

आधी हिशेब करू. एका ग्रॅममध्ये तांदळाचे साधारण पन्नास दाणे बसतात. एका माणसाच्या एका वेळच्या भाताला शंभर ग्रॅम तांदूळ धरले तर पाच हजार दाणे झाले, म्हणजे पाचशे बरोबर उत्तरं. आकडा ऐकून हसू येईल, पण हसण्यावारी नेण्यासारखा तो नाही. जगभरच्या खेळाडूंनी मिळून असे अब्जावधी दाणे जमवले आहेत आणि त्यातून खरोखरची माणसं जेवली आहेत. थेंबे थेंबे तळे साचे, हे इथे खरंच घडलंय.

माझं भांडण नियमाशी आहे. खेळ काय शिकवतो हे त्याच्या सुरुवातीच्या सूचनेत लिहिलेलं नसतं. कशाला गुण मिळतात आणि कशाला मिळत नाहीत, यातून ते मुलांच्या अंगात मुरतं. इथे उत्तर चुकलं तर वाडग्यात काहीच पडत नाही. भाचीने एकदा विचारलं, "मावशी, माझं चुकलं तर कुणी उपाशी राहतं का गं?" मी "छे, असं नसतं" म्हटलं. पण नियम सरळ वाचला तर तो तेच सांगतो. कुणाच्या तरी ताटातला भात माझ्या भाचीला किती इंग्रजी शब्द येतात यावर ठरतो. तो भात खाणारा कोण, त्याचं शेत का पिकलं नाही, पिकलं असेल तर धान्य कुठे गेलं, हे ठाऊक नसलं तरी गुणांत काही फरक पडत नाही. वाडगा भरतो, मूल खूश होतं, आणि भूक म्हणजे कुठेतरी दाणे कमी पडणं एवढीच समजूत पक्की होते.

याच अन्न कार्यक्रमाने २००५ साली 'फूड फोर्स' नावाचा खेळ काढला होता. हिंदी महासागरातलं शेलान हे काल्पनिक बेट, तिथे दुष्काळ आणि युद्ध, आणि खेळाडूला पार पाडायच्या सहा मोहिमा. विमानातून धान्य कसं टाकतात, ट्रकचे तांडे कसे पोचतात, हे त्यात छान कळायचं. पण खेळाडू कायम मदत पथकातला. घेणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहायची वेळ त्याच्यावर येत नसे.

ती वेळ आणली 'आयिती : द कॉस्ट ऑफ लाइफ' या २००६ सालच्या खेळाने. न्यूयॉर्कची 'गेमलॅब' कंपनी आणि 'ग्लोबल किड्स' ही संस्था यांच्यासोबत ब्रुकलिनच्या एका हायस्कूलमधल्या मुलांनी तो घडवला. हैतीच्या ग्रामीण भागातलं पाच जणांचं कुटुंब तुमच्या हाती दिलेलं असतं आणि चार वर्षं काढायची असतात. दर हंगामाला ठरवायचं : कामावर कोण जाणार, शाळेत कोण, घरी विश्रांती कोण घेणार. मी पहिल्यांदा तिन्ही मुलांना शाळेत घातलं. फीपायी पैसे संपले आणि आई आजारी पडली तेव्हा दवाखान्याला काही उरलं नाही. पुढच्या डावात थोरल्याला कामाला लावलं. पैसे आले, पण तो खंगत गेला. नीट विचार करून खेळलं तरी हरता येतं, आणि हरल्यावर 'हे लोक मुलांना शिकवत का नाहीत' हा प्रश्न विचारायची हिंमत होत नाही.

धडा देणारा खेळ आपल्याला नवा नाही. मोक्षपट आपल्या परंपरेत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. पण शिडी चढायची की सापाच्या तोंडी जायचं, हे खेळणारा ठरवत नाही, कवड्या ठरवतात. 'आयिती'त निर्णय तुमचा असतो, पण प्रत्येक शिडीला भाडं आहे आणि ते भरायला घरातलं कुणीतरी झिजतं. 'फ्री राइस'मध्ये साप नाहीतच, नुसत्या शिड्या. म्हणून तो खेळून झाल्यावर बरं वाटतं, आणि म्हणूनच मला तो अपुरा वाटतो. चांगुलपणाला दरवेळी वाडगा भरल्याचं सुख जोडलेलं असेल, तर जिथे वाडगा दिसत नाही तिथे हे मूल काय करेल?

मुलांच्या हातून 'फ्री राइस' काढून घ्या, असं मी म्हणणार नाही. दाणे खरे आहेत, ते पडू देत. पण तो एकटाच पुरेसा समजू नका. 'आयिती' फ्लॅशवर बनला होता आणि २०२०च्या अखेरीस फ्लॅशचाच आधार संपला, तेव्हापासून तो साध्या ब्राउझरमध्ये उघडेनासा झाला. 'फ्री राइस' मात्र फोनवर दोन स्टेशनांच्या मध्ये खेळता येतो. दोघांपैकी आपल्या खिशात उरला तो आपल्याला कधीही अवघड प्रश्न न विचारणारा.